उपरण्याखालचा भाव

सांगलीच्या हळदबाजारात त्यांना नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळे त्यांना ‘एम्मे’ म्हणत. भाषाशास्त्रात एम. ए. झालेला मनुष्य हळदीच्या अडतीवर गुमास्ता म्हणून राहतो, याचे बाजाराला इतके नवल वाटले होते की ती पदवी हेच त्यांचे नाव होऊन बसले. नवख्याला ते आडनाव वाटे. ‘रा. रा. एम्मे, हळदपेठ’ एवढ्या पत्त्यावर त्यांना पत्रे पोहोचत.

मी त्यांच्याकडे गेलो तो, खरे सांगायचे तर, त्यांना पाहून शहाणे व्हावे म्हणून पाठवला गेलो होतो. महायुद्धाचे दिवस होते. वडील लवकर गेल्यामुळे आणि मधली काही वर्षे माझ्याच आजारपणात गेल्यामुळे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मी कसाबसा बी. ए. झालो होतो. साताऱ्याला मामांनी मला वाढवले. मामा कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कऱ्हाडकडे थोडी उसाची जमीन, तिचा गूळ दरसाल सांगलीच्या पेठेत जाई. त्यांच्या फडताळात माझ्या नावाचे दोन कागद होते. एक कचेरीतल्या नेमणुकीचा हुकूम, पहिल्या तारखेला हजर होण्याचा. दुसरे पुण्याचे पत्र, भाषाशास्त्र घेऊन एम. ए. करण्यास प्रवेश मिळाल्याचे.

मामांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, “हे बघ, मी आडमुठा नाही. तुझं हे जे शास्त्र आहे, ते शिकलेला एक इसम सांगलीत आहे म्हणतात. महिनाअखेरपर्यंत जाऊन राहा त्याच्याकडे. त्या शिक्षणाला बाजारात काय भाव आहे, एवढंच विचारून ये. मोघम नको. आकडा आण. पटला तर पुण्याला जा. नाहीतर पहिल्या तारखेला कचेरीत.”

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने धापा टाकत मी सांगलीला पोहोचलो, तो हा एकच प्रश्न घेऊन. आणि तोच माझ्याने विचारवेना. परक्या माणसाला त्याची मिळकत विचारायची म्हणजे काय, या संकोचातच पहिला आठवडा गेला.

त्यांचे पहिले दर्शन मला कृष्णेच्या पाण्यात झाले. गुडघाभर पाण्यात उभे राहून, एक हात गळ्यावर ठेवून, दुसऱ्या हातातल्या आरशात स्वतःचे तोंड पाहत ते मोठ्याने म्हणत होते, “क, ख, ग, घ, ङ!” मग थोडे थांबून, जीभ कुठे टेकली याचा अंदाज घेत, “च, छ, ज, झ, ञ!” घाटावरच्या बायका आपल्या कामात होत्या. त्यांना याची सवय होती. एका नाटक मंडळीच्या व्यवस्थापकाने ते ऐकून, हा मनुष्य तालीम करतो आहे असे समजून त्यांना विश्वामित्राची भूमिका देऊ केली होती म्हणे. त्यांनी विचारले, “विश्वामित्राला माझ्या पद्धतीनं बोलू द्याल का?” बोलणी तिथेच थांबली.

अंगाने शिडशिडीत, वय चाळिशीच्या पुढे. त्यांचे सगळेच पिवळे होते. नखे, धोतराचा सोगा, चष्म्याची काडी, हिशेबाच्या वह्यांच्या कडा. अडतीच्या माडीवरच्या त्यांच्या खोलीत मी उतरलो तेव्हा चार दिवसांत माझा टॉवेलही पिवळा झाला. खोलीत बिछान्यापुरती जागा होती. बाकी सगळी पोती. पोत्यांवर काळ्या शाईने गावांची नावे: शिराळा, शिरवळ, तासगाव, पलूस. मला वाटले, त्या त्या गावची हळद. त्यांनी एका पोत्याचे तोंड सोडले. आत चिठ्ठ्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या हजारो चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर एकेक शब्द, तो कोणी, कोणत्या गाडीतळावर, कोणाला उद्देशून उच्चारला त्याच्या टिपणासह. एका पोत्यात तर निव्वळ बैलांना घातलेल्या हाका होत्या.

“बैलाशी बोलताना माणूस व्याकरण सांभाळत नाही,” ते म्हणाले. “म्हणून ती बोली खरी.”

हमालांचा मुकादम त्या पोत्यांवर फार खूश असे. “आवं, एम्म्यांचं पोतं उचलाय लय हलकं,” तो मला म्हणाला, “पर घेणारं गिऱ्हाईक न्हाई बगा अजून.”

“येईल की रं,” एम्मे उत्तरले. “माल नासका न्हाई माझा.”

मुकादमाशी बोलताना मुकादमाची बोली आणि माझ्याशी बोलताना माझी, असे त्यांचे सहज चाले. यात नक्कल नसे. पाहुणा ज्याच्या घरी जातो त्याच्या ताटात जेवतो, तसे काहीसे होते ते. कोणाचे बोलणे त्यांनी कधी सुधारले नाही. एकदा कोणी शिक्षणखात्याचे गृहस्थ अडतीवर आले होते. हळद निवडणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी ‘न्हाई’ नव्हे, ‘नाही’ म्हणावे असे शिकवले. एम्मे ताडकन उठले. “साहेब,” ते म्हणाले, “या आजींनी तो शब्द त्यांच्या आईकडून घेतला, तुम्ही पुस्तकातून. कोणाचा जुना?” इतक्या शांत माणसाचा आवाज एवढा चढू शकतो हे पाहून मी घाबरलो. म्हातारी मात्र हसून मान हलवत सूप पाखडत राहिली.

या माणसाला पाहून शहाणे व्हायचे होते. पण मी दिवसेंदिवस दिपून जात होतो.

आता बाजारातल्या एका रिवाजाबद्दल सांगितले पाहिजे. त्या काळी हळदीचे सौदे तोंडाने होत नसत. घेणारा व्यापारी पुढे येई, अडत्याचा हात हातात घेई, दोघांच्या हातांवर उपरणे पडे, आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरे. किती बोटे धरली, कोणत्या पेरावर दाब दिला, यावरून आकडा कळे. एक व्यापारी काय भाव देतो हे दुसऱ्याला कळत नसे. पटले की हात गच्च धरून एकदा हलवायचा. मग तो सौदा मोडायचा नाही. आणि उपरण्याखालचा आकडा तिसऱ्याला विचारायचाही नाही, सांगायचाही नाही. उघड्या हाताने बोटे दाबणारा माणूस त्या पेठेत कोणी पाहिला नव्हता. तसे करणे म्हणजे भर रस्त्यात उघडे फिरण्यासारखे.

एम्म्यांच्या मते ती एक स्वतंत्र भाषा होती. तिच्यात आवाज नव्हता, पण उच्चार होते. अमका व्यापारी आकडा दाबताना अडखळतो, तमक्याचा अंगठा खोटे बोलतो, असे ते सांगत. नऊ वर्षांच्या निरीक्षणाने त्यांची अशी तयारी झाली होती की उपरण्याखालची बोटे दिसत नसली तरी खांदा आणि कोपर पाहून ते मनाशी आकडा ओळखत. ही गोष्ट एका बड्या व्यापाऱ्याच्या कानी गेली. सौद्याच्या वेळी नुसते आपल्याजवळ बसावे, बाकीच्यांचे भाव कानात सांगावे, एवढ्यासाठी त्याने त्यांच्यापुढे जी रक्कम ठेवली ती ऐकून मुकादम दोन दिवस जेवला नव्हता म्हणे. एम्म्यांनी हात जोडले.

“नीतीसाठी?” मी एकदा भीत भीत विचारले.

“छे! एकदा का चोरून ऐकलेलं विकलं, की लोक माझ्यापुढे बोलायचेच थांबतील. मग मी टिपू काय?”

अडतीचे मालक होते अण्णा. सत्तरीचे, गोरेपान, घसा बसलेला. ते आपल्या गुमास्त्याला दिवसातून दहा वेळा ‘गाढवा’ म्हणत. “ए गाढवा, वजनं बघ.” “या गाढवाला एम्मे कुणी केला रं?” पण त्या गाढवाशिवाय ते चहा घेत नसत. ज्या दिवशी अण्णा त्यांना ‘अहो’ म्हणत, त्या दिवशी पेठ ओळखे की अण्णांचे डोके दुखते आहे.

मी तिथे असतानाच एका सकाळी चहाची बशी तोंडाला लावता लावता अण्णा एका अंगावर कलंडले. डॉक्टर आले. डावे अंग गेले होते, जीभ लुळी पडली होती. घशातून नुसती घरघर निघे. उजवा हात तेवढा जिवंत होता.

शिराळ्याच्या बाजूला त्यांची शेती. थोरला मुलगा तिकडे असे. तो आला, वडिलांच्या उशाशी बसला. वाईट माणूस नव्हता तो. पण दोन दिवसांत त्याने ठरवले की वडिलांची समज गेली. त्यांना गावी न्यावे, अडत बंद करावी. “सगळ्या पेठंनं येऊन बघावं, असं काय ऱ्हायलंय आता?” तो म्हणाला. “हसं न्हाई करायचं अण्णांचं.”

खरेच सगळी पेठ भेटायला येत होती. येणारा प्रत्येक जण अण्णांचा उजवा हात हातात घेई, रिवाजाप्रमाणे आपल्या उपरण्याचा पदर वर टाकी, आणि मग अण्णांची बोटे त्याची बोटे दाबू लागत. हा सौदा नव्हताच, म्हणून बाहेर येऊन माणसे आकडाही सांगत आणि डोळे पुसत. “बावीस म्हणत्यात.” “मला एकोणीस म्हणलं.” “हळदीतच जीव अडकलाय गड्या त्यांचा.” दर वेळी अण्णा अंगठ्याने ते उपरणे ढकलून देत. मुलगा म्हणे, “कडकी हाय अंगात,” आणि पुन्हा नीट हातावर घाली.

एम्मेही संध्याकाळी तेच करत. उपरण्याखाली हात धरून ते आकडे टिपून घेत आणि मग जुने बाजारभाव काढून त्यांच्याशी ताडून पाहत. काही जुळत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हताशपणा पाहिला. ‘असंबद्ध’ एवढाच शब्द त्यांनी चिठ्ठीवर लिहिला, आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना गावी न्यायला गाडी येणार होती. त्या संध्याकाळी माडीवर अण्णांच्या पलंगाजवळ मुलगा, मुकादम, मी आणि एम्मे एवढेच होतो. अण्णांनी उपरणे ढकलले. एम्म्यांनी ते उचलून घातले. अण्णांनी पुन्हा ढकलले. तिसऱ्यांदा ते जमिनीवर पडले, एम्मे वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

मग त्यांनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

“अहो, हा मनुष्य चार दिवस ओरडून सांगतो आहे, की मी भावाचं बोलत नाही,” ते मला म्हणाले, “आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडावर फडकं टाकतो आहोत! मी टाकतो आहे! मी!”

त्यांनी उपरणे उचलून माझ्या खांद्यावर टाकले, अण्णांच्या शेजारी मांडी घातली आणि उघडा हात उघड्या हातात घेतला. मुकादमाने संकोचाने नजर वळवली.

“अण्णा, भावाचं न्हाई न्हवं? एक बोट म्हंजे व्हय, दोन म्हंजे न्हाई.”

अण्णांनी एक बोट दाबले.

“पंतोजींच्या शाळंतली मुळाक्षरं हायेत ध्यानात?”

एक बोट.

त्यानंतर एम्म्यांनी जे केले ते मी रोज पहाटे नदीवर ऐकत होतो, बी. ए.च्या पुस्तकात कोष्टक म्हणून पाठही केले होते. पण त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. “पाच वळी हायेत अण्णा,” ते सांगू लागले, “घशापासनं व्हटापतोर. क ची, च ची, ट ची, त ची, प ची. एकेका वळीत पाच अक्षरं. आदी कितवी वळ ती बोटं दाबायची, मग वळीतलं कितवं अक्षर ती. मूठ मिटली की पुढची वळ, य र ल व. कानामात्रा सोडा, आमी लावून घेऊ.” पाच ठिकाणे, पाच वर्ण, पाच बोटे. कोणा पूर्वजांनी माणसाच्या तोंडाचा शोध घेत घेत जी रचना बसवली, ती जशीच्या तशी माणसाच्या हातात मावत होती. 

अण्णांनी डोळे मिटले.  मग बोट हलले.

“एक. तीन. ग,” एम्मे मोठ्याने म्हणाले. “तीन. चार. ढ.” मूठ मिटली, उघडली, पुन्हा चार बोटे. “व.”

“ग, ढ, व,” मुलाने जुळवून पाहिले आणि तो एम्म्यांकडे बघू लागला.

मुकादमच आधी हसला. “आवं, वळाकलं की तुमास्नी!” तो ओरडला. “आता कोण म्हणंल समज गेली?” एम्म्यांचा चष्मा ओला झाला होता, पण हात सोडून तो पुसायला ते तयार नव्हते.

मुलगा पुढे सरकला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. “अण्णा, गावाकडं येताय न्हवं?”

दोन, तीन. चार, एक. थोडे थांबून चार, पाच. ज, त, न.

एम्म्यांना लावून घ्यावे लागले नाही. “जात न्हाई,” मुलगाच म्हणाला. “बरं. न्हाई न्यायचं.” आणि तो वडिलांच्या पायांवर डोके ठेवून रडला.

गाडी आली तशी परत गेली. अण्णांचा पलंग सौद्याच्या अंगणावर उघडणाऱ्या खिडकीशी हलवला गेला आणि आठवडाभरात ते पलंगावरून अडत चालवू लागले. वेग इतका वाढला की एम्म्यांना आता अक्षरे मोजावी लागत नसत. शिव्यांना तर अण्णांनी स्वतःच संक्षेप शोधले होते.

महिना संपला. मी बिछाना बांधून निरोप घ्यायला अण्णांपुढे उभा राहिलो, अजून प्रश्न पोटातच ठेवून. अण्णांची बोटे एम्म्यांच्या हातात हलली.

“अण्णा विचारताहेत, तुम्ही आला होता कशासाठी?”

इतक्या दिवसांत माझ्या तोंडून न निघालेले सगळे एकदम बाहेर पडले. मामा, दोन कागद, पहिली तारीख, भाषाशास्त्राचा आकडा. बोलून झाल्यावर माझे कान तापले. अण्णांचा उजवा खांदा गदगदत होता. ते हसत होते.

“मला काय विचारायचं?” एम्मे म्हणाले. “मी माल. मालाला कोणी भाव विचारतं का? पेठेत भाव अण्णा सांगतात.”

अण्णांनी भिंतीच्या खुंटीकडे नजर टाकली. एम्म्यांनी खुंटीवरचे उपरणे काढले, माझा हात अण्णांच्या हातात दिला, वर उपरणे घातले आणि पाठ फिरवून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खांदाही दिसू नये इतके वळून.

त्या जाड, उबदार हाताने माझी बोटे चाचपली. एकावर दाब दिला, दोन मिळून धरली, एका पेरावर अंगठा थांबला. मला त्या बोटांच्या भाषेतली अक्षरशः एकही खूण येत नव्हती. ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचे धैर्य नव्हते. अण्णा माझ्याकडे टक लावून पाहत होते, आणि ते वाट कशाची पाहत आहेत एवढे मात्र मला कळत होते. मी हात गच्च धरला आणि एकदा हलवला.

अण्णांनी समाधानाने डोळे मिटले.

साताऱ्याला पोहोचलो तेव्हा मामा ओसरीवर सुपारी कातरत होते.

“आणलास आकडा?”

“भाव ठरला, मामा.”

“किती?”

“उपरण्याखाली ठरला.”

अडकित्ता थांबला. मामांची वीस वर्षे त्या पेठेत गूळ नेण्यात गेली होती. “कोणाच्या हातात हात दिलास?”

“अण्णांच्या.”

“हळदवाल्या अण्णांच्या?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मला वाटते, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. “आणि धरून हलवलास?”

“हो.”

मामांनी अडकित्ता तबकात ठेवला. मग आत तोंड करून त्यांनी मामींना हाक मारली, “अगं, माळ्यावरची ट्रंक काढायला सांग. याला पुण्याला जायचं आहे.”

किती, हे त्यांनी पुढे जन्मभर विचारले नाही. विचारले असते, तर मलाही ते ठाऊक नाही, हे कबूल करावे लागले असते.